गाडी विकली, पण नाव कुणाचं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतून निवृत्त झालेला माणूस बोलायला उभा राहिला की आता ठेवी, व्याजदर आणि वारसनोंदीबद्दल ऐकावं लागणार, असं सगळ्यांना वाटतं. मी आज वेगळा विषय घेतलाय. जुनी गाडी विकताना विकणाऱ्यावर काय जबाबदारी असते, हा तो विषय. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या आवारात चारचाकी गाड्या बोटावर मोजण्याइतक्या होत्या. आता वार्षिक सभेत सगळ्यात जास्त वेळ पार्किंगवर जातो. दसऱ्याला नवी गाडी दारात येते, तिला हार घालतो, नारळ फोडतो. म्हणजे तेवढीच एक जुनी गाडी दारातून जात असते. तिच्याकडे मात्र नंतर कुणी वळून बघत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तिच्याकडे आणखी पंधरा दिवस बघा.

आपल्याकडे गाडी कशी विकली जाते, ते तुम्हाला माहीत आहे. ओळखीतला कुणी तरी गिऱ्हाईक आणतो. चहा होतो, भाव ठरतो, इसार दिला जातो. स्टॅम्प पेपरवर करारनामा होतो, नोटरीचा शिक्का बसतो. एजंट दोन-तीन छापील फॉर्म पुढे करतो आणि म्हणतो, "काका, इथं फक्त सह्या करा, बाकीचं मी भरतो." काका सह्या करतात. किल्ली जाते, पैसे येतात. घेणारा सांगतो, "आठ दिवसांत नावावर करून घेतो." त्या आठ दिवसांचे आठ महिने होतात, कधी आठ वर्षंही होतात. गाडी तोवर उमरीहून धर्माबादला, धर्माबादहून देगलूरला, तिथून आणखी कुठे तरी गेलेली असते. आरसी बुकावर नाव मात्र काकांचंच.

इथं बरेच जण म्हणतात, "अहो पण नोटरी केली ना! विक्री झाली, पैसे मिळाले, ताबा दिला. आता आपला काय संबंध?" हा प्रश्न चुकीचा नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे विकणाऱ्या-घेणाऱ्यात विक्री पूर्ण झालेली असू शकते. उद्या तुमच्या दोघांत भांडण झालं तर तो करारनामा कामाला येईल. पण रस्त्यावर अपघात झाला, तर तिथं १९८८ चा मोटार वाहन कायदा लागतो. त्या कायद्यात 'मालक' म्हणजे कोण, हे कलम २ च्या पोटकलम ३० मध्ये लिहिलेलं आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे, तो मालक. नोटरीचा कागद तुम्ही दोघांनी आपसात केलेला असतो. अपघातात जखमी झालेला माणूस त्यात कुठेच नसतो.

याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवा. तारीख ६ फेब्रुवारी २०१८. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयातून आलेलं ते प्रकरण. एका गृहस्थानं आपली गाडी जुलै २००७ मध्ये विकली आणि ताबा दिला. घेणाऱ्यानं ती सप्टेंबर २००८ मध्ये पुढे विकली. तिसऱ्यानं चौथ्याला दिली. चौथ्याचं म्हणणं, मीही ती पुढे विकली. एवढे हात बदलले, पण नोंदणी पहिल्याच गृहस्थाच्या नावावर राहिली. २७ मे २००९ रोजी गाडी मागे घेताना तिच्याखाली एक लहान मुलगा सापडला आणि दगावला. त्याच्यासोबतची बाई जखमी झाली. मुलाच्या मृत्यूबद्दल न्यायाधिकरणानं ३ लाख ७५ हजार रुपये भरपाई ठरवली आणि ती ड्रायव्हर व नोंदणीकृत मालक यांच्यावर टाकली. उच्च न्यायालयानं ते फिरवलं आणि म्हटलं, ज्याच्या ताब्यात शेवटी गाडी होती त्यानं भरावी. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. नोंदणीवर ज्याचं नाव, तो जबाबदार. गाडी हातातून जाऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती, तरी जबाबदारी पहिल्या माणसाकडेच परत आली.

ऐकताना हा अन्याय वाटतो. पण जरा दुसऱ्या बाजूनं बघा. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या आईबापांनी कुणाला शोधत फिरायचं? पहिला म्हणणार दुसऱ्याला विकली, दुसरा म्हणणार तिसऱ्याला, तिसऱ्याचा पत्ता सापडणार नाही. न्यायालयानं हेच म्हटलं, की पीडितांना एकामागून एक खरेदीदारांच्या मागे धावायला लावता येणार नाही. नोंदणी कशासाठी असते? रस्त्यावर काही घडलं तर एका नावाशी जाता यावं, यासाठी. आपण आपलं नाव तिथून काढून घेतलं नाही, तर लोक आपल्याच नावाशी येणार. त्यात त्या आईबापांची काही चूक नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही जामीनकी आहे. कर्जाच्या फॉर्मवर जामीनदार म्हणून सही करताना माणूस दहादा विचार करतो. कर्ज किती, घेणारा कसा, हप्ते भरेल का, सगळं विचारतो. सख्ख्या साडूला नाही म्हणतो! आणि तिथं निदान कर्जाचा आकडा तरी लिहिलेला असतो. गाडी विकून नाव तसंच ठेवलं, की तुम्ही एका अनोळखी माणसाला जामीन राहिलात. तो कसा चालवतो माहीत नाही, लायसन आहे का माहीत नाही, आणि रकमेला मर्यादा नाही. अपघाताची भरपाई भरली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणजे वसुली तुमच्या ठेवीपर्यंत आणि या राहत्या घरापर्यंत येऊ शकते. ज्या घरांसाठी आपण पंचवीस वर्षं हप्ते भरले, ती घरं आपण एका विकलेल्या गाडीसाठी नकळत जामीन देऊन बसतो.

कुणी म्हणेल, विमा आहे की. विमा चालू असेल तर तिसऱ्या माणसाच्या नुकसानीपुरतं कंपनी बघते. कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर तेवढा विमा घेणाऱ्याकडे गेला असं मानलं जातं, आणि घेणाऱ्यानं १४ दिवसांत कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असा आपोआप जात नाही. आणि विम्याला मुदत असते. गाडी तुमच्याकडून गेल्यावर मुदत संपली की घेणारा तो पुन्हा भरेल की नाही, हे तुमच्या हातात नाही. विमा संपलेला, नाव तुमचं, आणि अपघात झाला, तर मधे उभं राहायला कंपनी नसते.

जाता जाता विकणाऱ्याच्या फायद्याचीही एक गोष्ट सांगतो. 'नो क्लेम बोनस' हा गाडीचा नसतो, तुमचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीच्या विम्यात सवलत मिळते.

अपघात सोडला तरी बाकीचं आहेच. ई-चलान नोंदणीवरच्या नावानं येतं. टोलवर फास्टॅग तुमचा असेल तर पैसे तुमच्या खात्यातून कटतात. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करता येतं, पण ते कोर्टाच्या पायऱ्या चढून. आणि पोलिसांचं काय? १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ कारमध्ये स्फोट झाला. ती कार अनेक हातांतून गेलेली होती. तपासात पोलीस नंबरावरून आधी नोंदणीतल्या जुन्या मालकाकडे पोचले. अशा वेळी घरात पोलीस आले, की आपण निर्दोष असलो तरी त्या घराची झोप उडते.

आता करायचं काय? कायदा अवघड नाही. कलम ५० मध्ये विकणाऱ्याला वेगळं काम दिलेलं आहे, घेणाऱ्याला वेगळं. आपला गैरसमज असा, की नाव बदलणं हे घेणाऱ्याचंच काम. तसं नाही. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आहे. घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या बाजूनं अर्ज करायचा. फॉर्म ३० वर दोघांच्याही सह्या लागतात. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन आणि पत्त्याचा पुरावा. हे काम आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरूनही सुरू करता येतं. मुलांना, नातवंडांना बसवा, ते करतील. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, आधी बसवून घ्या, नाही तर काम तिथंच अडतं.

आपण सीमेवरची माणसं. इथून गाडीत बसलं की बासरला दर्शन करून दुपारी परत येतो. भैंसा, निजामाबादचे गिऱ्हाईक आपल्याकडे येतात, आणि लातूर-उदगीरकडच्यांना बीदर जवळ. पण एमएच २६ ची गाडी तेलंगणात विकली की नियम बदलतो. परराज्यासाठी नांदेडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, त्याचा फॉर्म २८, आणि मुदत ४५ दिवस. ना-हरकत घेतलं म्हणजे नाव बदललं असं नाही. तिकडे नवी नोंद झाली का, हे पुन्हा बघावं लागतं.

गाडीवर कर्ज असेल तर आधी बँक. सातबाऱ्यावर बोजा असताना कुणी शेत घेत नाही, पण आरसीवर बोजा असताना लोक गाडी घेतात! "राहिलेले हप्ते मी भरतो" असा तोंडी व्यवहार होतो. नोकरीत असताना असे व्यवहार मी पुष्कळ पाहिले. घेणारा चार-सहा हप्ते भरतो, मग गायब होतो. नोटीस कर्जदाराला जाते, कारण बँकेच्या कागदावर गाडी घेणारा कुणीच नसतो. बँकेच्या संमतीशिवाय तारण गाडी विकणं हा कर्जाच्या कराराचाही भंग आहे. कर्ज फेडा, बँकेकडून ना-हरकत आणि सही केलेला फॉर्म ३५ घ्या, आरसीवरचा बोजा कमी करून घ्या, मगच गाडीला हात लावू द्या.

डीलरला गाडी देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून चांगला नियम आलाय. आरटीओचं अधिकारपत्र असलेला डीलर गाडी घेतो तेव्हा फॉर्म २९-क, म्हणजे इंग्रजीतला २९-सी, ऑनलाइन भरला जातो. तो भरला की डीलर मालक मानला जातो आणि पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. म्हणून डीलरला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. "अधिकारपत्र आहे का, आणि २९-सी भरणार का?" हे विचारा. तो हसला तर दुसरा डीलर बघा.

आपल्यासारख्या ज्येष्ठांसाठी आणखी एक. घरातला कर्ता माणूस गेला आणि गाडी त्याच्या नावावर असेल, तर वारसांनी ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यायचं. गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी परस्पर विकू नका. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो. बँकेत नॉमिनी लावा म्हणून मी आयुष्यभर सांगत आलो, आता गाडीलाही लावा म्हणतो. आणि गाडी भंगारात द्यायची असेल तर गल्लीत ओरडत येणाऱ्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करा. गाडी तुटली तरी नंबर जिवंत राहतो, आणि तो नंबर दुसऱ्या गाडीवर बसू शकतो.

हे सगळं स्कूटर, मोटारसायकल आणि ट्रॅक्टरलाही लागू आहे. पंधरा हजारांची जुनी मोटारसायकल म्हणून कुणी आरटीओची पायरी चढत नाही. पण भरपाई ठरवताना गाडीची किंमत कुणी बघत नाही, गेलेल्या माणसाची कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं बघतात.

घेणाऱ्याबद्दलही आपलं कर्तव्य आहे. जुनी वस्तू घेणाऱ्यानं नीट बघून घ्यावी, असाच कायद्याचा साधारण कल आहे. पण दोष मुद्दाम झाकणं, किलोमीटरचा आकडा मागे फिरवणं, अपघात झालेल्या गाडीला "टच नाही" म्हणून सांगणं ही फसवणूक आहे. करार रद्द होऊ शकतो आणि फौजदारीही होऊ शकते. जे ठाऊक आहे ते सांगा, आणि सांगितल्याचं करारनाम्यात लिहा. इंजिनात काम झालंय, डावा दरवाजा बदललाय, हे लिहिलं तर हजार-दोन हजार कमी येतील, पण पुढे कुणी गचांडी धरणार नाही.

पैशांबाबत एक सांगतो. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे. दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे गाडी विकणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. पैसे खात्यातच घ्या. खात्यातली नोंद हा विक्रीचा पुरावाही होतो.

एका कागदावर लिहून फ्रिजवर लावता येईल असं थोडक्यात सांगतो.

१. कोऱ्या फॉर्मवर सही नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, रक्कम भरल्यावरच सही.

२. घेणाऱ्याचं आधार, पॅन, फोटो आणि मोबाइल नंबर ठेवून घ्या. एजंटचा नंबर पुरेसा नाही.

३. ताबा पावतीवर तारीख, वेळ, किलोमीटर, इंजिन आणि चासी नंबर लिहा. त्या मिनिटानंतर गाडी कुणाकडे होती, हे दाखवायला ती लागते.

४. ताबा देण्याआधी फॉर्म २९ आणि ३० पूर्ण करा. जमल्यास नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम मागे ठेवायला सांगू नका, उलट घेणाऱ्याला सोबत घेऊन स्वतः आरटीओला जा. एक दिवस मोडेल, मोडू द्या.

५. विमा कंपनीला कळवा, फास्टॅग बंद करा, थकलेली चलानं आधीच भरून टाका.

६. महिन्याभरानं परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. नाव बदललेलं दिसलं, की त्या दिवशी गाडी विकली असं समजा.

ज्यांच्या गाड्या आधीच गेल्यात आणि नाव तसंच आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये, पण गप्पही बसू नये. आजच नंबर टाकून बघा. घेणाऱ्याला गाठा. तो दाद देत नसेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. करारनाम्याची प्रत जोडून आरटीओकडे फॉर्म २९ आणि लेखी अर्ज द्या, पोलीस ठाण्यातही अर्ज द्या, आणि दोन्हीकडे शिक्क्याची पोच घ्या. नाव बदलेपर्यंत पूर्ण सुटका नाही, हे खरं. तरी उद्या काही घडलं तर तुम्ही हात बांधून बसला नव्हता, हे दाखवता येईल.

आपल्या संस्थेत घर विकलं तर काय करतो? अर्ज येतो, सभेत ठराव होतो, भाग दाखल्यावर नाव चढतं, रजिस्टरला नोंद होते. नोंद झाल्याशिवाय नवा माणूस सभासद होत नाही आणि जुना सुटत नाही. घराला जो नियम, तोच गाडीला लावा. मी संचालक मंडळाला एक सूचना लेखी दिली आहे. आपल्या पार्किंग रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवावा. सभासदानं गाडी विकली असं कळवलं, की नाव बदलल्याची प्रत मागावी आणि तारीख लिहावी. प्रत आली नाही तर सचिवांनी महिन्यानं एकदा आठवण करावी. याला खर्च नाही.

१९४८ सालची उमरीच्या बँकेची लूट आपल्याला ठाऊक आहे. हैदराबाद मुक्तीच्या लढ्यासाठी नेलेल्या त्या पैशाचाही पै-पैचा हिशोब ठेवला गेला, असं आपण वडीलधाऱ्यांकडून अभिमानानं ऐकत आलो. त्या गावात राहणाऱ्या आपण, स्वतःच्या विकलेल्या गाडीचा कागद तरी ठेवूया.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या सुखदुःखात उभे राहिलो. पुढची पंचवीस वर्षं तरुण मंडळींच्या हाती आहेत, आणि त्यांच्याकडे गाड्याही जास्त असणार आहेत. संस्थेला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.